‘झॉम्बी’चे दोन आकडे

साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि भाच्यानं गाडीत गाणं लावलं. मंद सुरुवात, भरड पुरुषी आवाज. ओळखीचं वाटलं म्हणून मीही मागून गुणगुणायला लागलो. पहिलं कडवं जमलं. दुसऱ्यात टक्कर झाली. मी म्हटलं ‘नाइन्टीन सिक्स्टीन’ आणि स्पीकरमधला माणूस म्हणाला ‘टू थाउजंड एटीन’.

“मामा, शब्द चुकले तुझे.”

“माझे नाही, त्याचे चुकले. हे गाणं आम्ही कॉलेजात वाजवायचो. तेव्हा २०१८ कुठून येणार?”

त्यानं फोन माझ्यापुढे नाचवला. त्यावर ‘झॉम्बी’ आणि खाली ‘बॅड वुल्व्ह्ज’ असं बँडचं नाव होतं. त्याच्या लेखी गाणं यांचंच. मूळ गाणं आयर्लंडच्या ‘द क्रॅनबेरीज’चं, १९९४चं, आणि ते एका बाईनं लिहिलंय, गायलंय, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे हे रिमिक्स आहे?” नाही रे बाबा, हे कव्हर. रिमिक्समध्ये मूळ ध्वनिमुद्रणच घेऊन त्याची कापाकापी करतात. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण नव्यानं गायचं, नव्यानं वाजवायचं. शिरवळपर्यंत हे चाललं. नीरेच्या पुलावर त्यानं मुद्द्याचा प्रश्न टाकला: “पण मग आकडा का बदलला?”

याचं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास लागतो, थोडा कायदा लागतो आणि शेवटी थोडं व्याकरण. टोलनाक्याच्या रांगेत ते पुरं होण्यासारखं नव्हतं.

वॉरिंग्टनचा बाजार

२० मार्च १९९३, शनिवार. इंग्लंडमध्ये दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. (त्यांचा मातृदिन मे महिन्यात नसतो, ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी असतो.) लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधे वॉरिंग्टन नावाचं शहर आहे. तिथल्या ब्रिज स्ट्रीट या बाजाराच्या रस्त्यावर भर दुपारी कचऱ्याच्या दोन पेट्यांमध्ये ठेवलेले बॉम्ब मिनिटभराच्या अंतरानं फुटले. पेट्या बिडाच्या होत्या, त्यामुळे त्यांच्याच ठिकऱ्या गोळ्यांसारख्या उडाल्या. पहिल्या स्फोटापासून लांब पळणारी माणसं दुसऱ्याच्या तोंडी सापडली.

तीन वर्षांचा जोनाथन बॉल जागीच गेला. त्याला सांभाळणाऱ्या मुलीबरोबर तो आईसाठी कार्ड घ्यायला आला होता. बारा वर्षांचा टिम पॅरी पाच दिवस इस्पितळात होता, २५ मार्चला तोही गेला. पन्नासहून जास्त माणसं जखमी झाली. बॉम्ब आपण ठेवल्याचं आयआरएनं, म्हणजे ब्रिटिश सत्तेशी लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीनं, सांगितलं. आधी फोनवर इशारा दिला होता असंही सांगितलं. त्या इशाऱ्यात वॉरिंग्टनचं नावच नव्हतं, असं पोलिसांचं म्हणणं. या स्फोटांबद्दल आजवर कुणावरही खटला चाललेला नाही.

क्रॅनबेरीज हा आयर्लंडमधल्या लिमरिकचा चौघांचा बँड. नोएल आणि माइक हे होगन बंधू गिटार आणि बेसवर, फर्गल लॉलर ड्रम्सवर आणि गायला डोलोरेस ओ’रिऑर्डन. स्फोट झाले तेव्हा ती २१ वर्षांची होती, आणि त्या दोन मुलांवरूनच तिनं ‘झॉम्बी’ लिहिलं. बँडची बहुतेक गाणी ती आणि नोएल मिळून करायचे, ‘झॉम्बी’ मात्र शब्द आणि चाल दोन्ही तिचं एकटीचं. ही बाब लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या हिशेबात लागणार आहे.

आता १९१६. त्या वर्षी ईस्टरच्या सोमवारी, २४ एप्रिलला, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला. बंडवाल्यांनी शहराचं मुख्य टपाल कार्यालय ताब्यात घेतलं आणि तिथून प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. शनिवारपर्यंत उठाव मोडला. सुरुवातीला खुद्द डब्लिनकरच बंडवाल्यांवर चिडले होते, शहराची नासधूस झाली म्हणून. पण सरकारनं पुढाऱ्यांना एकामागून एक गोळ्या घालायला सुरुवात केली आणि लोकांचं मन फिरलं. शरण आलेली माणसं हुतात्मे झाली. त्यांच्या नावानं पुढची लढाई उभी राहिली, १९२२मध्ये दक्षिणेकडचा मोठा भाग वेगळा झाला आणि उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडेच राहिले.

जाता जाता सांगतो, तोच एप्रिल आपल्याही इतिहासात आहे. लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६मध्येच बेळगावात झाली आणि ‘होमरूल’ हा शब्द आपण उचलला तो आयर्लंडच्याच चळवळीतून. तिकडे त्याच महिन्यात सनदशीर होमरूलवरचा विश्वास संपलेली माणसं बंदुका घेऊन टपाल कचेरीत शिरली होती.

उत्तर आयर्लंडमधलं दुखणं तसंच राहिलं. १९६०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कॅथलिकांनी घरं, नोकऱ्या आणि मतदान यांतल्या भेदभावाविरुद्ध मोर्चे काढले, त्यांच्यावर हल्ले झाले, १९६९मध्ये ब्रिटिश लष्कर उतरलं. आयआरए एका बाजूला, ब्रिटनशी निष्ठावंत प्रोटेस्टंट टोळ्या दुसऱ्या बाजूला आणि लष्कर मधे. मधे म्हणायचं एवढंच, कारण १९७२मध्ये डेरी शहरात निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या त्या लष्करानंच. १९९८च्या ‘गुड फ्रायडे’ या शांतता करारापर्यंतच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. आयर्लंडमध्ये या काळाला ‘द ट्रबल्स’ म्हणतात. इतक्या मरणाला ‘त्रास’ म्हणणं मला कायम विचित्र वाटत आलंय. पण आपल्याकडेही लोक दंगलीला ‘त्या वेळची गडबड’ म्हणतातच की.

ओ’रिऑर्डनच्या गाण्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पोरं मरतायत आणि आपण गप्प आहोत. हे करणारे आम्ही नाही, आमच्या घरचे नाहीत. लढाई चालू आहे ती तुमच्या डोक्यात. १९१६पासून तोच जुना विषय चालू आहे. ‘झॉम्बी’ म्हणजे सिनेमातलं भूत नव्हे. प्रेत चालतंय, हातात शस्त्र आहे, पण आत विचार करणारं कुणी नाही. ऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचं वैर जिवंत माणसांना चालवतंय, असा तो आरोप आहे.

तो सगळ्यांना रुचला नाही. उत्तरेतल्या अनेक कॅथलिकांना वाटलं, आणि आजही वाटतं, की दक्षिणेत सुरक्षित वाढलेल्या मुलीनं आमच्या तीस वर्षांच्या भोगवट्याला ‘डोक्यातलं खूळ’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आणि १९१६चं नाव घेतलं की बोट एकाच बाजूकडे जातं, बाकी दोघांचं काय? मला हा आक्षेप उडवून लावावासा वाटत नाही. गाणं रागात लिहिलेलं आहे आणि रागाला दोन्ही बाजू मांडायला सवड नसते. पण ते ज्या मुलांसाठी लिहिलं होतं, त्यांच्या बाबतीत दुसरी बाजू तरी कोणती?

गाणं बाजारात आलं सप्टेंबर १९९४मध्ये. आयआरएनं युद्धबंदी जाहीर केली होती ३१ ऑगस्टला. म्हणजे बंदुका थांबल्यावर काही आठवड्यांतच हे गाणं रेडिओवर वाजू लागलं. सॅम्युअल बायर या दिग्दर्शकानं त्याचा व्हिडिओ बेलफास्टमध्ये जाऊन केला. खरे सैनिक, खऱ्या भिंती, रस्त्यावर खेळणारी खरी मुलं, आणि मधे मधे सोन्याच्या रंगानं माखलेली ओ’रिऑर्डन एका क्रुसासमोर.

चार कॉर्ड आणि एक हेल

आम्ही हे गाणं गॅदरिंगला घेतलं त्याचं कारण मुळीच राजकीय नव्हतं. चार कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) आहेत. ई मायनर, सी, जी, डी. पाच मिनिटं सहा सेकंद तेच चार, त्याच क्रमानं. आमच्या गिटारवाल्याला पाचवा कॉर्ड येत नव्हता.

या चार कॉर्डवर एवढं मोठं गाणं उभं राहतं ते आवाजाच्या उंचसखल रचनेमुळे. कडव्यात गिटार जवळजवळ कुजबुजते, गायिका कानाशी बोलल्यासारखी गाते. मुखडा आला की गिटारचा आवाज एकदम फाटतो. ज्याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात ते काय, तर ध्वनी मुद्दाम इतका वाढवायचा की त्याच्या लहरींची टोकं छाटली जातात आणि गुळगुळीत सुराला करवतीसारखे दाते फुटतात. कान गेल्या मिनिटभर शांततेला सरावलेला असतो, त्यामुळे तो धक्का दुप्पट बसतो. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी बँडांनी ही हळू-जोरात-हळू युक्ती गाजवली होती. क्रॅनबेरीज तोपर्यंत मऊ, झुलत्या गाण्यांसाठी ओळखले जायचे.

दुसरी गोष्ट तिच्या गळ्याची. शेवटचा शब्द ती सरळ म्हणत नाही. ‘झॉम्बी’तली शेवटची ‘ई’ तोडून, छातीतल्या आवाजातून टाळूतल्या आवाजात उडी मारून परत खाली येते, पुन्हा पुन्हा. गाणं शिकवणारे दोन आवाजांमधला हा सांधा लपवायला शिकवतात. ती तो उघडा ठेवते. आयर्लंडमध्ये मयताच्या घरी बायकांनी सुरात शोक करण्याची जुनी चाल होती आणि अनेकांना तिच्या गळ्यात तोच शोक ऐकू येतो. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. गावाकडे मयत झालं की आत्या, मावश्या उंबऱ्यातून हेल काढतात, त्यात शब्द कमी आणि चढून तुटणारा स्वर जास्त असतो, तो आठवा. कानात ते एकदा बसलं की या गाण्याचा मुखडा घोषणा वाटतच नाही, रडणं वाटतं.

बॅड वुल्व्ह्ज हा अमेरिकेतला हेवी मेटल बँड. त्यांचा तेव्हाचा गायक टॉमी व्हेक्स्ट. त्यांनी गाणं थोडं मोकळं केलं, पाच मिनिटांच्या आत बसवलं, सुरुवात अधिक रिकामी ठेवली आणि मुखड्याला गिटारी खालच्या पट्टीत लावून भिंतीसारख्या उभ्या केल्या. आपण ज्याला रॉक बॅलड म्हणतो, म्हणजे मंद लय, आधी मन मोकळं करणारा एकटा आवाज आणि मग मागून येणारी लाट, त्या साच्यात खरं तर मूळ गाण्यापेक्षा हे कव्हरच नेमकं बसतं. व्हेक्स्टच्या आवाजाला वजन आहे. पण तो तुटणारा सांधा त्याच्याकडे नाही, त्यामुळे हेल गेला आणि हुंकार आला. भाच्याला हुंकार आवडतो. तो विशीत आहे, त्याचं बरोबर आहे.

चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं

या भागाची गरज पडली कारण पुढच्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्यांच्या कॉलेजच्या बँडला ‘झॉम्बी’ करून यूट्यूबवर टाकायचं होतं, आणि आकडा बदलून चालू वर्ष घालायचं होतं. “चालेल ना, मामा? ते बॅड वुल्व्ह्जनं पण केलंच की.”

थांब. आधी हे कळू दे की एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. पहिली गाण्याची, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे अमुक स्टुडिओत अमुक लोकांनी ते गायलं-वाजवलं ती प्रत. धंद्यातले लोक या दुसरीला ‘मास्टर’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या भजनांच्या चोपड्या बघा. भजनाच्या डोक्यावर ‘चाल:’ लिहून एखाद्या लोकप्रिय गाण्याचं नाव छापलेलं असतं. चोपडी छापणारा चाल उसनी घेतो, रेकॉर्ड नाही. जमीन एकाची आणि तिच्यावरचं घर दुसऱ्याचं असावं, तसं हे आहे. कव्हर करणारा त्याच जमिनीवर स्वतःचं नवं घर बांधतो. म्हणून त्याला जमीनवाल्याला भाडं द्यावं लागतं, जुन्या घराच्या मालकाला नाही.

‘झॉम्बी’ची जमीन ओ’रिऑर्डनची. त्यामुळे बॅड वुल्व्ह्जच्या प्रतीवर गाण्याचा म्हणून जो पैसा निघतो तो तिच्याकडे, म्हणजे आता तिच्या वारसांकडे, आणि तिच्या प्रकाशकाकडे जातो. होगन बंधूंना आणि लॉलरला त्यातून कायद्यानं काही मिळत नाही, जरी कव्हरमध्ये त्यांच्या वाजवण्याची सावली असली तरी. एखाद्या बँडमध्ये ‘लेखक’ म्हणून कुणाचं नाव लागतं यावरून पुढे वीस वर्षं भांडणं का होतात, ते यावरून कळावं.

अमेरिकेत कव्हरसाठी परवानगी मागावी लागत नाही, हे ऐकून भाचा उडालाच. पण तिथे तसाच कायदा आहे. त्याची जन्मकथा मजेदार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपोआप वाजणाऱ्या पियानोंची चलती होती. कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडलेली असायची, ती पियानोत घातली की गाणं वाजायचं. १९०८मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भोकं पाडलेला कागद ही गाण्याची प्रत नव्हे, माणसाला ती वाचता येत नाही. संगीतकार हवालदिल झाले. मग १९०९च्या कायद्यानं त्यांना हक्क दिला, पण एक मेख मारून. एखाद्याच कंपनीनं सगळी गाणी कोंडून ठेवू नयेत म्हणून ठरलं की गाणं एकदा रीतसर बाजारात आलं की ठरलेलं शुल्क भरून कुणीही त्याची स्वतःची प्रत काढावी, मालकाला ‘नाही’ म्हणता येणार नाही. शुल्क होतं प्रतीमागे दोन सेंट, आणि ते जवळपास सत्तर वर्षं हललं नाही.

२०१८ साली हा दर ९.१ सेंट होता, तोही पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला. त्यावर गेलं की मिनिटाला १.७५ सेंट, आणि वरचे सेकंद असतील तर पूर्ण मिनिट धरायचं. ‘झॉम्बी’ मूळ लांबीत केलं असतं तर पाच मिनिटं सहा सेकंदांची सहा मिनिटं झाली असती, म्हणजे १०.५ सेंट. सहा सेकंदांपायी प्रतीमागे दीड सेंटाच्या आसपास फटका. कव्हर आखूड असण्यामागे हे कारण असेल असं मी म्हणत नाही, पण हिशेबी माणसाच्या डोळ्यांत हे भरणारच. हा दर प्रत्यक्ष प्रतींचा आणि डाउनलोडचा. आता गाणी ऐकली जातात स्ट्रीमिंगवर, तिथे उत्पन्नातल्या टक्केवारीचा वेगळाच गुंता आहे, त्यात इथे शिरत नाही.

मेखेला आणखी एक मेख आहे. कव्हरवाल्याला गाणं आपल्या ढंगात बसवता येतं, पण मूळ चाल आणि गाण्याचा मूळ स्वभाव बदलता येत नाही. त्यासाठी मालकाची संमती हवी. आकडा बदलणं, शस्त्रांच्या यादीत नवं शस्त्र घालणं हे त्या रेषेला चिकटलेलं काम. बॅड वुल्व्ह्जनी नुसत्या शुल्कावर भागवलं नाही. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीतला डॅन वेट हा ओ’रिऑर्डनचा जुना मित्र होता, त्याच्यामार्फत गाणं तिच्यापर्यंत गेलं. तिला ते आवडलं. इतकं, की मीही त्यात गाते असं ती म्हणाली. दिवस ठरला: १५ जानेवारी २०१८, लंडन.

त्याच दिवशी सकाळी लंडनमधल्या हॉटेलच्या खोलीत ती मृतावस्थेत सापडली. वय ४६. मद्याच्या अमलाखाली न्हाणीच्या टबात बुडून अपघाती मृत्यू, असं पुढे सप्टेंबरमध्ये चौकशीत नोंदवलं गेलं. तिचं गाणं मुद्रित व्हायचं राहूनच गेलं. बँडनं आपली प्रत काही दिवसांतच तशीच बाहेर काढली, अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या रॉक रेडिओच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली, आणि त्यातून आलेले अडीच लाख डॉलर त्यांनी तिच्या तीन मुलांना दिले. इथे तो जमीन-घराचा फरक पुन्हा बघा. गाण्याचं भाडं मुलांना कायद्यानं मिळणारच होतं. बँडनं दिलं ते स्वतःच्या घराचं उत्पन्न.

आणि आपल्याकडे? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं कलम ३१-सी आलं. त्याआधीच्या तरतुदीत मूळ रेकॉर्ड येऊन दोन वर्षं झाली की कव्हर काढता यायचं. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजनं जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटी पानपट्टीपर्यंत पोहोचवल्या, त्या याच फटीतून. ज्यांच्या घरी ‘ओरिजिनल’ समजून आणलेल्या कॅसेटवर भलताच आवाज निघाला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आता मूळ मुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं थांबावं लागतं. वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकता येत नाही आणि हे कव्हर आहे हे स्पष्ट लिहावं लागतं. शब्द-चालीत बदल करायचा तर मालकाची संमती लागते.

पन्नास हजार प्रतींचं ऐकून भाचा गप्प झाला. त्याला म्हटलं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे, ते बिनधास्त गा, शिक्षणसंस्थेच्या अशा कार्यक्रमाला कायद्यानं सूट आहे. लग्नाच्या वरातीलाही सूट आहे, पण ‘झॉम्बी’वर वरात नाचेल असं वाटत नाही. यूट्यूबवर टाकलंत तर तिथलं यंत्र चाल ओळखतं आणि बहुतेक वेळा व्हिडिओ न काढता त्यावरच्या जाहिरातीचे पैसे चालीच्या मालकाकडे वळवतं, मालकाची मर्जी असेल तर. तोवर ठीक. पण शब्द बदललेत तर तुमच्या पाठीशी ना कायदा, ना मालक.

पासून आणि मध्ये

आता आकडा. मूळ ओळीत ‘सिन्स’ आहे: १९१६ *पासून* तोच विषय. कव्हरमध्ये फक्त चार अंक बदललेले नाहीत, अव्ययही बदललं आहे: २०१८ *मध्ये* तोच विषय. शस्त्रांच्या यादीत ड्रोनही आले.

‘पासून’ला लांबी असते. त्यात एक सुरुवात असते आणि आजपर्यंत ओढलेली दोरी असते. ती ओळ म्हणते की तुम्ही आज जो बॉम्ब ठेवलात त्याची वात ७७ वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी पेटलीय. ती ऐकून आयरिश माणूस चिडेल, रडेल, वाद घालेल, पण ती आपल्याबद्दल आहे हे त्याला पक्कं कळेल. ‘मध्ये’ हा नुसता ठिपका. २०१८मध्ये, कुठेही, कुणाचंही युद्ध. सीरिया म्हणा, येमेन म्हणा, अमेरिकेतल्या शाळेतला गोळीबार म्हणा. गाण्याची दारं उघडली आणि दोरी सुटली.

बॅड वुल्व्ह्जनी चूक केली असं मला वाटत नाही. लॉस एंजेलिसच्या माणसानं डब्लिनचा १९१६ तोंडात घेऊन हुंकार भरला असता तर ते उसनं वाटलं असतं. आपलं साल घालून त्यांनी प्रामाणिकपणा केला. पण एक गंमत झाली. त्या गाण्याला ‘आज’चं करायला घातलेला आकडा सगळ्यात लवकर शिळा झाला. आज भाचा ‘टू थाउजंड एटीन’ म्हणतो तेव्हा ते जुनं वर्ष आहे, तो तेव्हा शाळेत होता. १९१६ हे साल १९९४मध्येही जुनंच होतं, त्यामुळे ते आणखी जुनं होत नाही. माइली सायरसनं २०२०मध्ये हेच गाणं लॉस एंजेलिसमधल्या ‘व्हिस्की अ गो गो’ या जुन्या क्लबातून गायलं, करोनात बंद पडलेल्या अशा जागा वाचवण्याच्या कार्यक्रमासाठी. ते ऐकून बघा. घोगरा, सोलवटलेला आवाज, आणि त्यात बऱ्याच अंशी तो तुटणारा सांधा परत आलेला. माझं मत विचारलं तर कव्हर म्हणून मला ते जवळचं वाटतं. भाच्याला हे सांगितलेलं नाही.

२०१८चा एक खरा अर्थ मात्र त्या बँडलाही ठाऊक नव्हता. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तो नुसता सालाचा आकडा होता. प्रत बाहेर आली तेव्हा ते तिच्या मृत्यूचं साल झालं होतं. व्हिडिओत त्यांनी सोन्याच्या रंगानं माखलेली एक स्त्री उभी केली, १९९४च्या त्या क्रुसासमोरच्या आकृतीची आठवण म्हणून. दोन मुलांसाठी लिहिलेलं गाणं लिहिणारीच्याच श्राद्धाला वाजलं.

आणि त्याच आठवड्यात आणखी एका घरात ते पोहोचलं. टिम पॅरीचे वडील कॉलिन पॅरी. मुलगा गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं दोन्ही मुलांच्या नावानं शांततेसाठी संस्था उभी केली, वॉरिंग्टनमध्ये तिचं केंद्र उभारलं, आयर्लंडमधल्या दोन्ही बाजूंच्या लोकांशी ते वर्षानुवर्षं बोलत आले. ओ’रिऑर्डनच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा त्यांनी बीबीसीला सांगितलं की हे गाणं आपल्या मुलाबद्दल आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. बातमीमुळे कळलं, मग त्यांनी ते नीट ऐकलं. तेवीस वर्षं जगभर वाजत असलेलं गाणं, ऑस्ट्रेलियापासून जर्मनीपर्यंत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेलं, आणि ज्या घरातून ते निघालं त्या घराला पत्ता नाही.

२३ सप्टेंबर २०२३ला पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर रग्बी विश्वचषकात आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेला १३-८ हरवलं. सामना संपल्यावर मैदानात ‘झॉम्बी’ लावलं आणि हिरवे सदरे घातलेले हजारो लोक गाऊ लागले. लिमरिकच्या हर्लिंगच्या (काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या) चाहत्यांनी ही प्रथा आधीच पाडली होती, आपल्या गावच्या पोरीचं गाणं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून वाद. उत्तरेतले काही म्हणाले, आमच्या दुःखावर विजयाचा जल्लोष करता? बाकीचे म्हणाले, हे शांततेचं गाणं आहे, आयर्लंडचा रग्बी संघ उत्तर-दक्षिण मिळून एकच असतो, त्यानं नाही तर कुणी गायचं? मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला, आकडा ऐकायला. मूळ प्रत वाजत होती, तेव्हा आकडा १९१६चाच असणार. पण गर्दी गाते तो मुखडा, आणि मुखड्यात साल नाही.

भाच्याच्या गॅदरिंगला मी गेलो होतो. त्यांनी ड्रोन ठेवले नाहीत, चालू वर्षही घातलं नाही. पहिलं कडवं त्यानं जरा घाबरत म्हटलं, मुखड्याला सगळं मैदान उसळलं, मोबाइलचे दिवे वर गेले. दुसऱ्या कडव्याला पोरं पुन्हा आपापसात बोलायला लागली, कुणीतरी वडापावची पुडी उघडली, आणि त्या गोंगाटात भाच्यानं माइकवर एकट्यानं ‘नाइन्टीन सिक्स्टीन’ म्हटलं.